पॉपलर स्ट्रीटवरचं पिवळं दार

१

सोमवारी सकाळी सव्वासातला ऑगस्टाबाई हॉलनबेक पायरीवरचं वर्तमानपत्र उचलायला बाहेर आल्या, ते काखेत मारून घरात जायला वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं दार पिवळं झालं होतं.

पिवळं म्हणजे लोण्यासारखं सौम्यबिम्य नाही. झेंडूच्या फुलासारखं, डोळ्यांत घुसणारं, शंभर पावलांवरून हाक मारणारं पिवळं. आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तेच दार गर्द हिरवं होतं, इतकं गर्द की ढगाळ हवेत काळंच वाटावं. ऑगस्टाबाईंनी खात्री करायला हात लावला. तळवा पिवळा झाला. मग त्या जे काही ओरडल्या ते पार नदीकाठच्या बेकरीपर्यंत ऐकू गेलं, असं नंतर बेकरीवाल्यानंच सांगितलं.

टॅनर्स बेंड हे ओहायो नदीच्या वळणावरचं सहा हजार वस्तीचं गाव. गाव म्हटलेलं तिथल्या माणसांना खपत नाही. कागदोपत्री ते शहर आहे आणि एकशे नव्वद वर्षांपूर्वीची सनद नगरभवनात काचेखाली ठेवलेली आहे. सिग्नल दोनच. त्यातला एक बंद पडला तर तीन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. घरांना कुलपं लावायची तिथे कुणाला सवय नाही, पण घराला रंग कुठला लावायचा हे मात्र घरमालकाच्या हातात नाही. ते वारसा समितीच्या हातात. समितीच्या वहीत बारा रंग. दार, खिडकी, कठडा, जे जे रस्त्यावरून दिसतं त्याला त्या बारांतलाच एक, तोही अर्ज करून, आणि अर्जाचा निकाल सहा आठवड्यांनी. त्यात पॉपलर स्ट्रीटवरची एका ओळीत जोडलेली सहा विटांची घरं म्हणजे समितीचं काळीज. सगळी एकाच वर्षी बांधलेली, एकाच मापाची, तीन-तीन पायऱ्यांची, आणि सहाही दारं गर्द हिरवी.

या समितीच्या एकोणीस वर्षं अध्यक्ष होत्या ऑगस्टाबाई.

नऊ वाजेपर्यंत अर्धं शहर दार पाहून गेलं. ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता ते दुसऱ्याचा मागून घेऊन फिरायला आले. ऑगस्टाबाईंनी आतून फोन लावला तो लव्हिनिया टॉलिव्हरला.

"लव्हिनिया, आहेस तशी निघून ये."

"ऑगस्टा, अंडी उकडायला टाकलीयत मी."

"अंडी राहू देत! माझ्या तोंडाला कुणीतरी रंग फासलाय."

लव्हिनियानं चूल बंद केली. अडुसष्ट वर्षांची, उंच, सावळी बाई. एकतीस वर्षं याच रस्त्यांवर खांद्याला पिशवी लावून तिनं टपाल वाटलं होतं. कुठल्या घरात कुणाची पत्रं यायची थांबली, कोण कुणाशी बोलत नाही, कुठली पायरी सैल आहे, हे तिच्या पायांना पाठ होतं. दोनदा तिनं शहरातल्या हरवलेल्या गोष्टी शोधून दिल्या होत्या. तेव्हापासून पोलीसचौकीच्या आधी लोक तिलाच फोन करत.

दारात पाऊल टाकायच्या आतच ऑगस्टाबाई म्हणाल्या, "कुणी केलं ते मला ठाऊक आहे. तू फक्त सिद्ध करून दे."

२

"कुणी?" लव्हिनियानं विचारलं.

"तो बेकरीवाला. अबुंदियो रेन्तेरिया. मार्चमध्ये त्यानं दुकानाच्या दाराला हाच रंग मागितला होता. हाच! आम्ही नाही म्हटलं. रंगाचा डबा त्यानं आधीच आणून ठेवला होता, शहाण्यानं. आता सूड उगवला."

"कुणी पाहिलं त्याला?"

"कोण पाहणार? काल दुपारी सगळं शहर नदीवर. स्ट्रॉबेरीच्या मेजवानीला मी बारापासून तिकिटं घेत उभी होते. संध्याकाळी पाऊस आला तशी भांडीकुंडी गाडीत घालून मागच्या गल्लीतून स्वयंपाकघराच्या दारानं आत आले. पुढचं दार पाहिलंच नाही. रात्री केव्हातरी येऊन फासून गेला असणार." त्यांनी आवाज खाली आणला. "गुरुवारी पाच वाजता समितीची बैठक आहे. त्याच्या दुकानावरच्या पाटीचा अर्ज त्याच दिवशी आहे. तो तर मी फेटाळणारच. आणि शुक्रवारी पोलिसांत तक्रार."

अबुंदियोच्या नागरिकत्वाचा अर्ज वर्षभर सरकारदरबारी अडकलेला होता, हे लव्हिनियाला माहीत होतं. अशा वेळी पोलिसांच्या वहीत नाव जाणं म्हणजे काय, हेही.

"मग आजच परत हिरवा लावून टाक ना," ती म्हणाली.

ऑगस्टाबाईंचा चेहरा पडला. "नाही लावता येत. अर्ज करावा लागतो. सहा आठवडे."

"तूच अध्यक्ष आहेस."

"म्हणूनच तर!"

लव्हिनियानं हसू गिळलं आणि दाराकडे वळली. तिचा नवरा रूफस, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, हयातभर घरं रंगवत होता, त्यामुळे ब्रश कसा फिरलाय ते तिला वाचता यायचं. पक्का तेलरंग, अजून किंचित चिकट. पितळी आकडा १४ आणि टपालाची फट यांच्याभोवती नीट कागदी पट्टी लावून रंगवलेलं. मग तिला दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे रंगात म्हाताऱ्या अडकल्या होत्या. नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडांवरून जूनच्या सुरुवातीला सावरीसारखा कापूस उडतो, तो. पांढरे धागे, डझनांनी, दारभर.

दुसरी जास्त विचित्र होती. दाराच्या मधल्या सपाट फळ्यांवर तळव्याएवढे हिरवे डाग तसेच राहिले होते. पण फळ्यांच्या कडेची बारीक नक्षी, खाचा, कोपरे, जिथे चांगले चांगले रंगारी कंटाळतात, तिथला रंग मात्र अगदी निगुतीनं बसवलेला.

"रूफसनं असं काम कधी पाहिलं नसेल," ती पुटपुटली.

"कोण आलंय?" आतून एक खर्जातला आवाज आला.

"मी, कॅप्टन."

"अरे, लव्हिनिया! ये, ये. सरबत घे."

कॅप्टन एल्बर्ट हॉलनबेक, ऑगस्टाबाईंचे यजमान, बैठकीत डुलत्या खुर्चीत बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी ओहायो नदीवर मालाचे तराफे ओढणारी बोट हाकली होती. त्यांनी सुरई उचलली, पेल्याच्या कडेवरून बोट आत वाकवलं आणि सरबत ओतलं.

"एल्बर्ट, पाहुणीच्या पेल्यात बोट बुडवू नका हो!" ऑगस्टाबाई ओरडल्या.

"बोटवाल्याचं बोट आहे गं ते. बुडायचं नाही."

तिघंही हसली. दाराचं कॅप्टननी फारसं मनावर घेतलेलं दिसलं नाही. "रंगच तो," ते म्हणाले. "छप्पर तर उडालं नाही ना?"

"यांना कशाचं काही नसतंच," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "काल पाय दुखतो म्हणून मेजवानीला आले नाहीत. गेल्याच्या आधीच्या शनिवारी बाजारात पाठवलं, तर स्ट्रॉबेरी घ्यायच्याच विसरून आले. दुकानदार म्हणतो पिशवी भरून दिली, हे म्हणतात आणलीच नाही."

कॅप्टन खिडकीकडे पाहत राहिले.

३

अबुंदियोच्या बेकरीत त्या दिवशी गिऱ्हाईक नेहमीपेक्षा जास्त होतं आणि बोलणं नेहमीपेक्षा कमी. लव्हिनिया आत शिरली तसं तेही थांबलं. चाळिशीचा, ठेंगणा, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांचा माणूस. चार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आधी शिकागोला आणि मग इथे आला होता. पहिल्या वर्षी त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं दालचिनीचे पाव भाजायला सुरुवात केली आणि रविवारची प्रार्थना पंधरा मिनिटं आधी संपायला लागली.

"मिस लव्हिनिया," तो म्हणाला, "पाव घ्यायला आलात की मला न्यायला?"

"दोन्ही. आधी पाव दे."

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं स्टूल ओढलं. "काल दुपारी कुठं होतास?"

"तुमच्यासमोर! बारापासून पाऊस येईस्तोवर पावाच्या टेबलामागे. तुम्ही तीनदा आलात. तिसऱ्यांदा म्हणालात, हा पाव शेजारणीसाठी नेते."

"तो शेजारणीपर्यंत पोचला नाही," लव्हिनियानं कबूल केलं. "माझ्या स्ट्रॉबेरीच्या सायीत म्हाताऱ्या पडत होत्या, आठवतं?"

"सगळ्यांच्याच. मी पावांवर फडकं टाकलं होतं."

"आणि पाऊस आल्यावर?"

"सगळा कापूस खाली बसला. रस्त्यावर चिखल झाला त्याचा."

"आज सकाळीही हवेत एक धागा नाही. झाडं ओली आहेत." लव्हिनियानं पावाचा तुकडा मोडला. "मग ऑगस्टाच्या दाराला चिकटल्यात त्या म्हाताऱ्या केव्हाच्या? पावसाच्या आधीच्या. रंग रात्री नाही, काल भर दुपारी लावलाय. आणि भर दुपारी तू माझ्यासमोर होतास. म्हणजे तू सुटलास."

अबुंदियोनं दीर्घ श्वास सोडला. पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. लव्हिनियाला ते खटकलं.

"तुझा तो पिवळा डबा कुठाय?"

तो ओट्यावरचं पीठ उगाचच झाडायला लागला.

"अबुंदियो."

"नाहीये."

"चोरीला गेला?"

"नाही. दिला."

"कुणाला?"

"ते नाही सांगणार." त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "शब्द दिलाय मी."

"अरे बाबा, तुझ्या कागदपत्रांचं काय होईल कळतंय का? ऑगस्टा म्हणेल, यानं डबा दिला, म्हणजे हाही सामील."

"कळतंय. बायकोनंही सकाळी हेच ऐकवलं, आणि आवाज तुमच्यापेक्षा मोठा होता." तो किंचित हसला. "पण तुम्हीच बघा ना. ज्या माणसानं मला या शहरात पहिल्यांदा नावानं हाक मारली, त्याचं नाव मी पोलिसांना देऊ?"

४

सोळा नंबरात, म्हणजे हॉलनबेकांच्या अगदी लागून, फर्न ऑटवेलचं प्रवाशांसाठीचं घर होतं. चार खोल्या, प्रत्येकीत रजई, आणि सकाळच्या न्याहारीबरोबर फर्नचं तोंड. तिनंही मध्यंतरी दारावर दिवा असलेली पाटी मागितली होती. समितीनं नाकारली होती.

"मी केलं असतं," ती लव्हिनियाला मोकळेपणानं म्हणाली, "पण मला सुचलं नाही, याचंच वाईट वाटतंय. शिवाय काल मी केकचं परीक्षण करत होते. चौदा केक चाखले. ब्रश उचलायची शुद्ध कुणाला होती?"

"या दिवसांत काही विचित्र दिसलं का गं? शेजारीपाजारी?"

फर्ननं खुर्ची जवळ ओढली. ती जणू याच प्रश्नाची वाट पाहत होती. "माझ्याकडे चोर येतो."

"काय चोरलं?"

"तेच तर! काही चोरत नाही. देऊन जातो."

लव्हिनियानं कप खाली ठेवला.

"सांगते. दोन-तीनदा दुपारी दाराची मूठ खडखडली. जाऊन बघते तर कुणी नाही. आणि गेल्याच्या आधीच्या शनिवारी मी मागे कपडे वाळत घालत होते. आत येते तर दालनातल्या टेबलावर कागदी पिशवी. आत स्ट्रॉबेरी! ताज्या, लालभडक. चिठ्ठी नाही, काही नाही. मला वाटलं, कुणाचं तरी मन बसलंय माझ्यावर." ती लाजली. पासष्ट वर्षांची फर्न लाजली की चांगली दिसायची. "दोन दिवस केस नीट करून बसले. कुणी आलं नाही. मग मुरंबा केला."

"पोलिसांना नाही सांगितलंस?"

"काय सांगू? घरात घुसून मला फळं खाऊ घातली म्हणून?"

लव्हिनियानं निरोप घेतला आणि ती फूटपाथवर येऊन उभी राहिली. समोर सहा घरं, एकसारखी. पाच हिरवी दारं आणि एक पिवळं. तिनं पाच मिनिटं नुसतं पाहिलं. एकतीस वर्षं ती ही घरं आकड्यावरून ओळखत आली होती. आकडे पितळेचे, दारांवर, बोटभर उंचीचे. ज्याला ते आकडे वाचता येत नाहीत त्यानं काय करायचं?

ती चौदा नंबरच्या तीन पायऱ्या चढली. रंग आता वाळला होता. तिनं डोळे मिटले आणि दारावर बोटं फिरवली. खाच लागली. कड लागली. नक्षीचा प्रत्येक वळसा बोटाला सापडत गेला. मग बोटं मधल्या गुळगुळीत फळीवर आली, आणि तिथे बोटांना काहीच सांगता येईना. रंग लागलाय की नाही, इथून सुरुवात की इथे शेवट, काही म्हणजे काही नाही.

तिनं डोळे उघडले. समोरच हिरवा डाग होता, तळव्याएवढा.

ज्याचा ती शोध घेत होती तो माणूस या दाराच्या आतल्या बाजूला राहत होता.

५

बुधवारी सकाळी कॅप्टन नेहमीप्रमाणे नदीकाठच्या बाकावर बसले होते. नदी पाण्यापेक्षा मातीच जास्त वाहून नेत होती, आणि एक लांबच लांब तराफा वळणावर येऊन भोंगा देत होता.

लव्हिनिया शेजारी बसली. काही बोलली नाही. कॅप्टननी मान वळवली, पण पाहिलं तिच्या खांद्यापलीकडच्या झाडाकडे.

"कोण?"

"कॅप्टन, फर्नला तुमच्या स्ट्रॉबेरी फार आवडल्या. मुरंबा केला तिनं."

कॅप्टनचे खांदे हलायला लागले. लव्हिनियाला आधी वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"मुरंबा! माझ्या स्ट्रॉबेरींचा! आणि मी आठवडाभर बोलणी खातोय."

"तिला वाटलं कुणाचं तरी मन बसलंय."

"देवा रे! तिला हे सांगू नकोस हं."

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कसं ओळखलंस?"

"म्हाताऱ्यांवरून कळलं की काम दिवसा झालं, सगळे नदीवर असताना. तुम्ही पाय दुखतोय म्हणून घरी राहिला होतात. खाचा भरलेल्या आणि मधली फळी सुटलेली, त्यावरून कळलं की रंगवणारा बोटांनी बघत होता. पेल्यात बोट घातलंत तेही त्यासाठीच, सरबत कुठवर आलं ते समजायला. आणि फर्नचा चोर चुकीच्या घरात आपली पिशवी ठेवून गेला, कारण त्याला वाटलं हे आपलंच घर आहे." ती थांबली. "शिवाय सहा आठवड्यांचा नियम. दार परत हिरवं करायला ऑगस्टाला अर्ज करावा लागेल, हे शहरात तिच्याइतकं पक्कं आणखी कुणाला ठाऊक असणार?"

"एकोणीस वर्षं जेवताना तेच ऐकतोय," कॅप्टन म्हणाले. "सहा आठवडे मिळाले असते. तेवढ्यात मी घर पक्कं ओळखायला शिकलो असतो, असा हिशेब होता."

"किती दिसतं?"

"मधोमध धुकं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुझ्याकडे पाहिलं तर तू नाहीस. त्या झाडाकडे पाहिलं तर तू थोडीशी आहेस." ते हे असं म्हणाले जसं नदीच्या पाण्याची पातळी सांगावी. "डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही, पण कडेचं राहील. पिवळा रंग मला अजून दुरून दिसतो. नदीवर दिवसा दिवे कामाचे नसतात, म्हणून काठावर मोठ्या रंगीत पाट्या लावतात, वळण कुठं ते कळायला. मी माझ्या घराला पाटी लावली, झालं."

"कुणीच पाहिलं नाही तुम्हाला?"

"दोन प्रवासी येऊन गेले. म्हणाले, सुरेख रंग आहे. मी म्हटलं, आभारी आहे. आपलंच दार रंगवणाऱ्या म्हाताऱ्याला कोण हटकतंय?"

"ऑगस्टाला का नाही सांगितलंत?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील म्हणाले, बोटवाल्याला मुलगी देणार नाही, बोटवाले घरी परत येत नाहीत. मी म्हटलं, मी दर वेळी येईन. चाळीस वर्षं आलो, धुक्यात, पुरात, बर्फात. आता बाजारातून येताना शेजारणीच्या घरात शिरतो, हे तिला सांगू? आणि त्या सहा दारांसाठी ती किती भांडलीय. माझ्यासाठी स्वतःचा नियम मोड, असं तिला कसं म्हणू?"

"तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून ती उद्या अबुंदियोचा अर्ज फेटाळतेय. परवा पोलिसांत जातेय."

कॅप्टन ताडकन उभे राहिले. टोपी खाली पडली. "काय? मला घरात बोललीसुद्धा नाही!"

"तुम्हीही तिला काही बोलला नाहीत."

"आणि तो पोरगा?"

"तोंड शिवून बसलाय. शब्द दिलाय म्हणतो."

कॅप्टननी टोपीसाठी हात पुढे केला. लव्हिनियानं ती उचलून त्यांच्या हातात दिली. "गुरुवारी पाच वाजता ना?" ते म्हणाले. "मला नगरभवनापर्यंत सोबत कर. आत मी एकटा जाईन."

६

वारसा समितीच्या बैठकीला एरवी पाच सभासद आणि एक डुलक्या घेणारा वार्ताहर असतो. त्या गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. अबुंदियो मागच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, बायकोच्या शेजारी ताठ बसला होता. फर्ननं नवी लिपस्टिक लावली होती, न जाणो, तो स्ट्रॉबेरीवाला येईल म्हणून.

ऑगस्टाबाईंनी टेबलावर हातोडी आपटली. "पहिला विषय माझ्या दाराचा. लव्हिनिया, नाव सांग."

लव्हिनिया उभी राहिली. "नाव ज्याचं तोच सांगेल," ती म्हणाली आणि बसली.

दाराकडून खर्जातला आवाज आला.

"एल्बर्ट हॉलनबेक. पॉपलर स्ट्रीट, चौदा नंबर."

ऑगस्टाबाईंच्या हातातली हातोडी तशीच वर राहिली. कॅप्टन भिंतीला हात लावत पुढे आले आणि सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं. डोळ्यांचं, दाराच्या मुठींचं, डब्याचं. अबुंदियोकडून आपण शब्द घेतला होता, त्यानं तो पाळला, चूक सगळी आपली, असंही सांगितलं. स्ट्रॉबेरींचं तेवढं वगळलं.

"केव्हापासून?" ऑगस्टाबाईंनी विचारलं. आवाज अध्यक्षांचा नव्हता.

"मागच्या ऑक्टोबरपासून."

"आठ महिने! आठ महिने माझ्या शेजारी बसून तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात!"

"धरत होतो. वाचत नव्हतो."

"पानं उलटत होतात!"

"तू उलटलीस की उलटायचो."

कुणीतरी हसलं, आणि हसल्याची लाज वाटून खोकलं. ऑगस्टाबाई खुर्चीवरून उठल्या. वळसा घालून नवऱ्याच्या समोर आल्या, आणि मग, लव्हिनियानं नंतर कित्येकांना सांगितलं तसं, त्या एक पाऊल बाजूला सरकल्या, कॅप्टनच्या उजव्या कडेला, जिथून त्या त्यांना दिसतील.

"दिसतेय का मी?"

"दिसतेस," कॅप्टन म्हणाले. "रागावलेली आहेस."

"आहेच मुळी." त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांकडे वळल्या. "चौदा नंबरचं दार कलम चारचा भंग करतं. कलम चार मी लिहिलंय. ते लिहिताना मला वाटलं होतं, घरं सांभाळायची म्हणजे विटा सांभाळायच्या. माझी दुरुस्ती लिहून घ्या. ज्याला आपलं घर ओळखायला खूण लागते, त्यानं दाराला वाटेल तो रंग लावावा. अर्ज नको, सहा आठवडे नकोत. कोण बाजूनं?"

पाचही हात वर गेले. प्रेक्षकांना मत नसतं, तरी त्यांचेही गेले.

"दुसरा विषय. रेन्तेरिया यांची पाटी." त्या क्षणभर थांबल्या. "अबुंदियो, मी तुझ्याबद्दल जे बोलले ते सगळ्या शहरानं ऐकलं. म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. पाटी मंजूर. आणि दाराचाही जुना अर्ज पुन्हा काढते. पिवळं करायचंय ना?"

अबुंदियो उठला. "मिसेस हॉलनबेक, पिवळं आता नको. कॅप्टन पाव घ्यायला येतील आणि माझ्याच घरात राहतील. मी निळं करतो."

या वेळी हसताना कुणी खोकलं नाही.

बाहेर अजून चांगला उजेड होता. सगळा घोळका पॉपलर स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत एकत्र आला. तिथे कॅप्टन थांबले. "मी पुढे होतो," ते म्हणाले. ऑगस्टाबाईंनी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तीसेक माणसं कोपऱ्यावर श्वास रोखून उभी राहिली. कॅप्टन मान जराशी तिरकी करून चालत गेले. एक घर, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी वळले, तीन पायऱ्या चढले, मूठ फिरवली. दार उघडलं. मग ते वळून उभे राहिले आणि बोट हाकताना मारायचे तशी आरोळी दिली.

"ऑगस्टा! जेवायला काय आहे?"

ऑगस्टाबाईंनी कपाळाला हात लावला. चार दिवस त्या दाराच्या भानगडीत होत्या. घरात काहीच नव्हतं.

"माझ्याकडे कोंबडी आहे!" फर्न ओरडली.

"पाव आणतो!" अबुंदियो आधीच पळत सुटला होता.

लव्हिनियाला आपल्या उकडलेल्या अंड्यांची आठवण झाली. कुणी बटाटे म्हणालं, कुणी मक्याची कणसं. घराघरांतून खुर्च्या निघाल्या. वार्ताहर आणि फर्ननं दोन बाजूंनी धरून सोळा नंबरातलं लांब टेबल बाहेर काढलं आणि ते विटांच्या फूटपाथवर टेकवणार, एवढ्यात ऑगस्टाबाईंचा आवाज आला.

"थांबा! फूटपाथवर टेबल मांडायला समितीची परवानगी लागते."

सगळे होते तिथे थबकले. टेबल हवेतच.

"दिली," ऑगस्टाबाई म्हणाल्या.